खोली भाड्याने देणे आहे

आमच्या फाटकावर वर्षातून एकदा, मे संपून जून लागण्याच्या सुमारास, एक पाटी लागते : 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त विद्यार्थ्यांसाठी.' पाटी पत्र्याची आहे, अक्षरे माझ्या हातची आहेत, आणि वर्षाचे बाकीचे महिने ती जिन्याखाली जुन्या सायकलीच्या आड पडून असते. लातुरात अशा पाट्यांचे पीकच येते म्हणा ना! मृग बरसो वा न बरसो, हे पीक बुडत नाही. दहावीचा निकाल लागला की उदगीर-अहमदपूरकडून, निलंगा-औशाकडून, थेट परभणी-हिंगोलीकडूनही माणसे येऊ लागतात. पुढे बाप, त्याच्या हातात कागदांची फाईल. मागे आई, तिच्या हातात पिशवी. आणि दोघांच्या मधे, आपले आता काय ठरते आहे याचा अंदाज घेत चाललेला 16 वर्षांचा मुलगा. उद्योग भवनाच्या परिसरात शिकवण्यांच्या वर्गांची दाटी आहे. तिथून जितके लांब जावे तितके भाडे उतरत जाते, हे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. म्हणून ही मंडळी खडगाव रस्ता, औसा रस्ता, बार्शी रस्ता असे करीत उन्हातून घरे विचारीत फिरतात.

माडीवरच्या दोन खोल्या मी गेली 15 वर्षे विद्यार्थ्यांना देतो आहे. त्यामुळे येणाऱ्यांचे प्रश्न मला पाठ झाले आहेत. भाडे किती? विजेचे बिल वेगळे का? खानावळ जवळ आहे ना? आणि लातूरचा म्हणून जो खास प्रश्न आहे तो, नळाला पाणी किती दिवसांनी येते? ज्या शहराने एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी भरून घेतले आहे, त्या शहरात हा प्रश्न खोलीला दार आहे का, इतकाच साधा आहे. ते मला असे चार-पाच प्रश्न विचारतात. मी त्यांना तीनच विचारतो. गाव कुठले? वडील काय करतात? आणि आडनाव काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी जिना उतरेपर्यंत विसरतो. तिसऱ्याचे विसरत नाही.

हे असे आहे, हे मला इतकी वर्षे जाणवले नव्हते. ते जाणवायला मला स्वतःला पाट्या वाचीत हिंडावे लागले.

झाले असे की, आमच्या नातीने बी.एस्सी. लातुरात केले आणि पुढच्या शिक्षणासाठी नांदेडच्या विद्यापीठात जायचे ठरवले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे हे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झाले. ते आहे विष्णुपुरीला, शहराबाहेर, लातूर रस्त्यावर. वसतिगृहात जागा मिळेलच असा भरवसा कोणालाच धरता येत नाही. तेव्हा खोली पाहून ठेवावी, म्हणून मी आणि नात असे दोघे निघालो. तिच्याबरोबर तिची एक मैत्रीण राहणार होती. दोघी तीन वर्षे एका बाकावर बसलेल्या, एका डब्यात जेवलेल्या. ती मुलगी त्या दिवशी येऊ शकली नव्हती. 'तुम्ही पाहाल ती मला पसंत,' असे तिने सांगून टाकले होते.

मी तसा हिशेबी माणूस. नांदेड गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. उत्तरेला इतवारा, वजिराबाद हे जुने गाव, सचखंड गुरुद्वारा, रेल्वे स्टेशन, आणि त्यापलीकडे श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर अशा विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या वस्त्या. दक्षिणेला सिडको-हडको, आणि तिथून पुढे विष्णुपुरी. बसमध्येच मी नातीला हिशेब शिकवला. समज, लांबची खोली महिन्याला 1,000 रुपयांनी स्वस्त आहे. पण जायला-यायला रिक्षाचे रोज 40 रुपये पडतात. महिन्याचे 25 दिवस धर, झाले की नाही 1,000? शिवाय जाण्या-येण्यात रोज एक तास जातो, तो वेगळाच. म्हणजे स्वस्त खोलीचे उरलेले भाडे तू तुझ्या आयुष्यातल्या तासांनी भरतेस. आणि तू मुलगी. संध्याकाळी सातनंतर फाट्यावर उतरून अंधारातून चालत यायचे असेल, तर त्या काळजीचे भाडे तुझी आई इथे लातुरात बसून भरणार.

नातीला हा हिशेब पटला. मलाही, सांगायला संकोच वाटत नाही, तो सांगताना बरे वाटले. कारण 'स्वस्त' हा शब्द आपण फार सैल वापरतो. लातुरात कित्येक मुलांचे डबे गावाकडून सकाळच्या एस.टी.ने येतात. खानावळीचे पैसे वाचले, असे बाप म्हणतो. ते वाचलेले नसतात. एक बाई पहाटे चारला उठून ते चुलीपुढे भरत असते. काही घरांत तर आई मुलाबरोबर शहरात येऊन एका खोलीत दोन वर्षे काढते, आणि बाप गावी हाताने भाकरी थापतो. स्वस्ताई म्हणजे बहुधा भाडे कमी होणे नव्हे. भाड्याचा काही भाग दुसऱ्या कोणीतरी भरणे होय. एवढे तत्त्वज्ञान मला त्या दिवशी सकाळपर्यंत येत होते. त्याचा शेवटचा धडा दुपारी मिळाला.

एका नीटनेटक्या वस्तीत, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, आम्हाला मनाजोगी खोली दिसली. दक्षिणेला खिडकी, स्वतंत्र नळ, खाली मालकीणबाई स्वतः राहणाऱ्या. बाई स्वभावाने मायाळू होत्या. त्यांनी आधी पाणी दिले, मग चहा. भाडे म्हणाल्या 4,500. मी घासाघीस करणार तोच त्यांनी विचारले, "आडनाव काय म्हणायचं आपलं?" मी सांगितले. बाईंचा चेहरा उजळला. कुठले, कोणाचे कोण, असे दोन धागे जुळले, आणि त्या आपण होऊन म्हणाल्या, "मग 4,000 द्या. आपलीच माणसं." मी खूश होऊन नातीकडे पाहिले. ती म्हणाली, "आम्ही दोघी असू." आणि मैत्रिणीचे नाव तिने सांगितले.

बाई रागावल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. उलट आणखीच मायेने म्हणाल्या, "तसं नव्हं गं बाई, माझं काही नाही. पण गल्लीत बरं दिसत नाही. तू ये की. दुसरी पोरगी मी बघून देते." 

आम्ही विचार करून सांगतो म्हणून उठलो. रस्त्यावर आल्यावर मी काय बोललो ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "खोली चांगली आहे. मैत्रिणीला दुसरीकडे मिळेल कुठेतरी. वर्ष वाया घालवायचं नसतं." नात काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, सकाळी तुम्ही म्हणालात, भाडं कमी झालं की ते कुणीतरी भरतं. मग हे 500 रुपये कोण भरणार आहे?"

उत्तर मला ठाऊक होते. चांगलेच ठाऊक होते. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, याच शहरात, मी ते उत्तर दिलेले होते. म्हणजे दुसऱ्याला द्यायला लावले होते.

1971 साली आमच्या गावातून दोघेजण नांदेडला शिकायला गेलो. मी आणि माझा एक मित्र. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. शाळेत पहिला नंबर त्याचा असे, दुसरा माझा. दोन दिवस वळकट्या खांद्यावर घेऊन हिंडल्यावर एका जुन्या वाड्यात खोली मिळाली. भाडे 15 रुपये. मालकांनी दोघांची नावे विचारली, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "खोली लहान आहे. एकाचीच सोय होईल." खोली लहान नव्हती. तिच्यात पुढे मी आणि दुसरे दोघे असे तिघे राहिलो. त्या वेळी मी खाली जमिनीकडे पाहत होतो. मित्र म्हणाला, "तू राहा, मी बघतो." तो नदीपलीकडे एका ओळखीच्यांकडे राहिला आणि दोन वर्षे रोज पायी आला. 15 रुपयांची खोली मला स्वस्त वाटे. तिचे उरलेले भाडे तो चालत भरीत होता.

संध्याकाळी कधीकधी आम्ही गुरुद्वाऱ्यात लंगरला जात असू. 1972 च्या दुष्काळात तर पुष्कळदा गेलो. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या जागी ही पंगत आजही बसते आहे. तिथे जमिनीवर शेजारी शेजारी बसायचे, आणि वाढणारा माणूस फक्त एवढेच पाहतो की तुम्ही रोटीसाठी दोन्ही हात पुढे केलेत की नाही. जेवून उठल्यावर मी वाड्याकडे वळत असे, तो पुलाकडे. एका पंगतीत बसणारी दोन माणसे एका छपराखाली का झोपू शकत नाहीत, हा प्रश्न मी त्याला कधी विचारला नाही. त्यानेही मला विचारला नाही. मला तर ते सोयीचेच होते.

आता, घरमालकाची बाजू मी मांडली नाही तर तो अन्याय होईल. कारण तो मालक आज मीच आहे. घर माझे आहे. दुकानदाराचे गिऱ्हाईक माल घेऊन निघून जाते. भाडेकरू आपल्या जिन्यावर, आपल्या नळावर, आपल्या झोपेच्या डोक्यावर राहतो. मग त्याची निवड करण्याचा हक्क मला नसावा काय? असावा. रात्री उशिरा दार वाजवणारा नको, पाणी वाहते सोडणारा नको, भाडे थकवणारा नको, असे मी म्हणू शकतो. मात्र या सगळ्या गोष्टी माणूस करतो किंवा करीत नाही, अशा आहेत. आडनाव माणूस करीत नाही. 'गाव कुठले' असे विचारून मी ओळख वाढवतो. 'आडनाव काय' असे विचारून मी ओळख व्हायच्या आधीच ती संपवतो. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात. 1917 सालापासूनच्या त्या बाजारात तूरडाळ तोलताना कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही. फाटकावर पाटी लावून भाडे घेणारा मीही शेवटी त्याच बाजारात बसलो आहे. भाडे घेताना मी व्यापारी, आणि खोली देताना मात्र कुळाचार सांभाळणारा गृहस्थ, हे दोन्ही एका वेळी कसे चालेल?

कायद्याने हे केव्हाच सांगितले आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणे हा 1955 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याला पकडता येईल असे कोणी बोलतच नाही. 'खोली कालच गेली,' 'मुलाचं लग्न ठरतंय,' 'खोली लहान आहे.' आपल्याकडे नकार इतका सभ्य असतो की, ज्याला तो मिळतो त्यालाच अवघडल्यासारखे व्हावे! आणि यात कोणी एकच जात दोषी आहे असे समजून स्वतःची सुटका करून घेऊ नये. प्रत्येक गल्ली आपल्याहून वेगळ्याला थोडी कडी लावूनच उभी असते.

शिकणाऱ्या मुलाला शहर दार उघडत नाही, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पूर्वी शिकायला जाणारा मुलगा एक तर नातेवाइकाकडे राही, नाहीतर वार लावून जेवे. सात वारांची सात घरे. पण त्या सात दारांतून आत जायलाही आधी आडनावच लागे. ज्याचे शहरात कोणी नाही त्याने करायचे काय? कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे कळले होते. शाळा काढून भागत नाही, मुलाला पाठ टेकायला जागा हवी, हे ओळखून त्यांनी 1901 पासून एकामागून एक वसतिगृहे उभी करविली. ती बहुतेक जातवार होती, हे खरे. तेव्हा तेवढेही कोणी करीत नव्हते. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी त्या समारंभाला जाऊन आला. परतल्यावर त्याला आंघोळ करून आत यायला सांगितले गेले. त्याने नकार दिला, आणि राहती जागा गमावली. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे 1924 साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा त्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली. मुलांनी एकत्र रांधावे, एकत्र जेवावे. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या मुलाने एकदा खोली सोडली, त्याने पुढे हजारोंना खोली दिली. मी मात्र त्या वयात खोली धरून ठेवली होती. आणि लातूरचे ज्या महाविद्यालयामुळे नाव झाले, ज्याच्या ओढीने माझ्या फाटकापर्यंत मुले येतात, त्यालाही नाव आहे ते राजर्षी शाहूंचेच!

त्या दुपारी नांदेडच्या बसस्थानकावर बसून मी माझ्या त्या मित्राला फोन केला. तो निवृत्त होऊन संभाजीनगरला मुलाकडे असतो. आमचे बोलणे होते, पण त्या खोलीविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. आज बोललो. सगळे सांगून झाल्यावर मी विचारले, "तेव्हा मी बोललो असतो तर काय झालं असतं?"

तो हसला. "काय व्हायचंय? तुझीबी खोली गेली असती."

"मग?"

"मग काय, दोघं चाललो असतो. रस्ता सोबतीनं कटला असता."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्याजवळून अजून हलत नाही. मी इतकी वर्षे समजत होतो की, मी न बोलल्याने त्याची खोली गेली. तो सांगत होता की, खोली तर तशीही मिळणार नव्हती. गेली ती सोबत.

नातीने मैत्रिणीला फोन करून काय सांगितले ते मी ऐकले नाही. संध्याकाळी आम्ही सिडकोत आणखी तीन घरे पाहिली. दोन ठिकाणी 'कळवतो' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या घरी एक आजीबाई होत्या. त्यांनी विचारले, "रात्री किती वाजता याल? आणि टाकी भरल्यावर मोटर बंद कराल ना?" नातीने दोघींची नावे मुद्दाम आधीच सांगितली. आजीबाई म्हणाल्या, "नावं कशाला सांगतीस? मला ध्यानात राहत नाहीत." भाडे 5,000. खिडकी पश्चिमेला, म्हणजे दुपारी ऊन येणार. मनाजोगत्या खोलीपेक्षा 1,000 रुपये जास्त. मी म्हणालो, "जास्तीचे मी देतो." नात म्हणाली, "जास्तीचे नाहीत ते, आजोबा. आहे ते भाडंच एवढं आहे." 

लातूरला परत आलो तेव्हा माझीही एक खोली रिकामीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुखेडकडचा एक मुलगा बापाबरोबर आला. गाव कुठले, मी विचारले. सांगितले. वडील काय करतात? "दुसऱ्याच्या रानात सालानं राहतो," बापानेच उत्तर दिले. 15 वर्षांच्या सवयीने तिसरा प्रश्न ओठावर आला. मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि मुलाच्या हातात दिली. मुलगा जिना चढून वर गेला.

मग बापाने पिशवीतून आधार कार्डाची प्रत काढून पुढे केली. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, तेव्हा ती घ्यावीच लागते. तिच्यावर आडनाव होते. मी ते वाचले. वाचल्यावर मनात काहीतरी हलले, हे कबूल केले पाहिजे. इतक्या वर्षांची माती एका दिवसात धुऊन जात नाही. पण किल्ली आधी गेली होती, कागद नंतर आला होता.

सौभाग्यवतींनी आतून विचारले, "कोण आहे हो? आडनाव काय?"

"मुखेडचा आहे," मी म्हणालो, "पाणी जपून वापरीन म्हणतो."

आणि पाटी काढून जिन्याखाली सायकलीच्या आड ठेवून दिली.